दिवा कोणी धरला?

नटांची नावं संध्याकाळी जाहीर होणार होती, पण वकिलाने सकाळपासूनच घर डोक्यावर घेतलं होतं. माडीवरच्या खुर्च्या दोनदा मांडून झाल्या, टीव्ही भिंतीपासून पुढे ओढून झाला, आणि खाली दुकानाच्या पाटीला लागून एक लांबलचक फलक टांगून झाला. फलकावर थोरल्या आजोबांचा एकुलता एक फोटो होता. फोटोखाली, त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून उच्चारलेलं वाक्य होतं: ‘मी एकटाच होतो.’

“पिक्चर यायला अजून वर्ष आहे,” चावीवर कानस फिरवता फिरवता अक्का म्हणाली. “आणि तू आत्ताच बारशाची तयारी करतोयस.”

“अगं, पिक्चर कोणावर आहे? आपल्या आजोबांवर! लोक चार-चार पिढ्या वाट बघतात, त्यांच्या घराण्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही.”

“तुझ्या चार ओळींनी माझ्या दुकानाची पाटी झाकली गेलीय.”

“एक दिवस पाटी झाकली तर गल्ली विसरणार आहे का तुला?”

गल्ली विसरणं शक्यच नव्हतं. अक्का या गल्लीत जन्मली, इथेच वाढली, आणि वडिलांच्या मागे कुलूप-चाव्यांचं दुकान तिनेच चालवलं. तिचा धाकटा भाऊ कायदा शिकून कोर्टात गेला. त्याला घरीदारी सगळे वकीलच म्हणत, चिडली की त्याची बायकोसुद्धा. आणि खटल्याची गोष्ट तर गल्लीतल्या पोराटोरांना पाठ होती. दुष्काळ पडला होता, सरकारी कोठार धान्याने भरलेलं होतं, आणि कोठाराच्या दाराला हातभर कुलूप होतं. थोरल्या आजोबांनी ते कुलूप तोडलं नाही, उघडलं. सकाळी लोक पोती उचलून घरी गेले आणि आजोबा बेड्या घालून चौकीवर गेले. खटला उभा राहिला तेव्हा सरकारच्या बाजूने साक्ष द्यायला कोण आलं? त्यांचाच सख्खा धाकटा भाऊ.

तेव्हापासून गल्लीत समोरासमोर कुलपांची दोन दुकानं होती आणि दोन्ही पाट्यांवर एकच आडनाव होतं. समोरच्या दुकानात आता त्या धाकट्या भावाचा नातू, नाना, बसत असे. अक्का आणि नाना शाळेत एका वर्गात होते. तिथेही बोलले नाहीत, आणि इथेही नाही. मात्र एखादं गिऱ्हाईक समोरून दुरुस्त झालेलं कुलूप घेऊन आलं, की अक्काला ते उघडताक्षणी नानाचा हात ओळखू यायचा. काम स्वच्छ असायचं. हे तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

दिवेलागणीला सगळे माडीवर जमले. सगळे म्हणजे पाचच जण, पण कालवा पन्नास जणांचा. मधल्या खुर्चीत आत्याबाई बसल्या होत्या. थोरल्या आजोबांची ही लेक, त्या काळातली एवढीच आता उरलेली. नव्वदीला टेकल्या होत्या, पण जीभ अजून तिशीतली होती. शेजारी वहिनी, म्हणजे वकिलाची बायको, बिस्किटांचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. आणि दाराजवळ भिंतीला टेकून नकटी उभी होती. ती वकिलाची लेक. नाक चांगलं सरळ होतं, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

नकटी नाटकात कामं करायची. कधी मोलकरीण, कधी शेजारीण, एकदा तर नुसता दाराबाहेरचा आवाज. या पिक्चरसाठी तिने परीक्षा दिली होती, आणि काल तिला फोनही आला होता. पण जाहीर होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यामुळे कालपासून ती घरात मुक्यासारखी वावरत होती, आणि वहिनीला तेवढ्याने जेवण गोड लागत नव्हतं.

“नुसतं डोळ्याने सांग,” वहिनी म्हणाली. “थोरल्या आजीचं काम मिळालं असेल तर उजवा डोळा मिचकाव.”

“आई!”

“मिळालंच असणार,” वकील म्हणाला. “आजोबांच्या बायकोचं काम आजोबांच्या पणतीलाच देणार. अक्कल असेल तर.”

थोरल्या आजोबांचं काम कोण करणार हे महिन्यापूर्वीच कळलं होतं. पडद्यावर वीस वर्षं गाजत असलेला तो उंचापुरा नट. टीव्हीवर त्याचा चेहरा आला तशी वहिनी सावरून बसली.

“फार उंच आहे,” आत्याबाई म्हणाल्या. “बाबा याच्या खांद्याला लागले असते. हा पिंजऱ्यात मावणार कसा?”

“पिंजरा मोठा करतील, आत्याबाई,” वहिनी म्हणाली. “नट छोटा करता येतो का?”

मग एकेक नाव येऊ लागलं. न्यायाधीश म्हणून जो जाहीर झाला त्याला बघून अक्काला हसू फुटलं. जन्मभर विनोदी कामं करणारा, गोल पोटाचा माणूस. आत्याबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, “हा बरोबर आहे. खरा न्यायाधीशही असाच होता. फार घाम यायचा त्याला.” सरकारी वकिलाच्या कामाला एक तीक्ष्ण डोळ्यांचा नवा नट होता, आणि वकिलाला तो फारच पसंत पडला. “बघा, वकील असा दिसला पाहिजे,” असं म्हणून त्याने स्वतःची कॉलर सारखी केली.

थोरल्या आजीचं नाव आलं. पडद्यावर भलतीच बाई झळकली. डोळ्यांत पाणी असलेली, सुंदर, प्रसिद्ध.

वहिनीच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. वकिलाने वळून लेकीकडे पाहिलं. नकटी भिंतीला टेकूनच होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पडेलपणाचं चिन्ह नव्हतं. अक्काला वाटलं, पोरगी एकतर चांगली नटी आहे, नाहीतर पुढे काहीतरी वाढून ठेवलंय.

निवेदक म्हणाला, “आणि आता ती व्यक्तिरेखा, जिच्याभोवती हा सगळा खटला फिरतो. आरोपीची धाकटी भावजय. त्या रात्री कोठारापाशी दिवा धरणारी बाई.” पडद्यावर नकटीचा फोटो आला. ओळखू न येण्याइतका मोठा, आणि तरी तीच.

वकील ताडकन उठला.

“दिवा धरणारी? कसला दिवा? कोण भावजय?”

“समोरच्यांची आजी,” वहिनी पुटपुटली.

“ते कळतंय मला! अगं, ही समोरच्यांनी रचलेली भाकडकथा आहे. फितुरी लपवायला काहीतरी हवं म्हणून बायकोच्या हातात दिवा दिला. आजोबा एकटे होते. त्यांनी स्वतः सांगितलंय, शपथेवर!” तो लेकीकडे वळला. “आणि तू? तुला माहीत होतं? त्या घरची बाई उभी करणार तू?”

“मला दोन्ही कामं विचारली होती, बाबा,” नकटी म्हणाली. “मी हे निवडलं.”

“निवडलं?”

“थोरल्या आजीला चारदा रडायचं आहे. हिला बोलायचं आहे.”

“ते काही नाही. उद्या फोन करून नाही म्हणून सांगायचं. आपल्याच पोरीने आपल्याच आजोबांना खोटं पाडायचं? लोक तोंडात शेण घालतील.”

“अहो, तिचं नाव टीव्हीवर आलंय,” वहिनी म्हणाली. मघापर्यंत ती नवऱ्याच्या बाजूची होती, पण लेकीचा फोटो एवढा मोठा पाहिल्यावर तिचा तोल दुसरीकडे जाऊ लागला होता. “एवढा मोठा फोटो कोणाच्या लेकीचा येतो?”

“तू मध्ये बोलू नकोस. अक्का, तू सांग हिला.”

अक्का आत्याबाईंकडे बघत होती. म्हातारीने हातातला कप खाली ठेवला होता आणि बोलायला जागा मिळते का याची वाट पाहत असल्यासारखी ती ओठ मिटून बसली होती.

“आत्याबाई,” अक्का म्हणाली, “तुला काही म्हणायचंय?”

“दिवा काकूनेच धरला होता,” आत्याबाई म्हणाल्या. “मी तिथेच होते.”

वकिलाने डोळे बारीक केले. कोर्टात समोरच्या पक्षाचा साक्षीदार उभा राहिला की तो असेच डोळे बारीक करत असणार, असं अक्काला वाटलं. त्याने खुर्ची फिरवून आत्याबाईंच्या समोर ठेवली, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून उभा राहिला, आणि जन्मभर ज्या आत्याला अगं-तुगं केलं तिला अहो-जाहो करू लागला.

“आपलं वय तेव्हा काय होतं?”

“दुधाचे दात पडत होते.”

“म्हणजे समज नव्हती.”

“दात पडत होते रे, डोळे नव्हे.”

वहिनी खुदकन हसली. वकिलाने तिच्याकडे पाहिलंही नाही.

“त्या रात्री आपण घरी झोपला असाल.”

“पोटात अन्न असलं तर झोप लागते. मी जागीच होते. बाबा निघाले, मागून काकू निघाली, मी काकूचं बोट धरून गेले. तिने मला कोठाराच्या पायरीवर बसवलं आणि कडेवरचं बाळ माझ्या मांडीत दिलं. म्हणाली, याला रडू देऊ नकोस. मग पेटता दिवा घेऊन बाबांच्या शेजारी उभी राहिली.”

“मग आजोबा भर कोर्टात ‘मी एकटाच होतो’ असं का म्हणाले?”

“खोटं बोलले.”

“शपथेवर?”

“शपथेवर. तिला वाचवायला. कडेवर पोर असलेली बाई तुरुंगात जाऊ नये म्हणून.” आत्याबाई दम घ्यायला थांबल्या, पण आता त्यांना कोणी थांबवणार नव्हतं. “आणि काकांनाही सरकारी वकिलाने तेच भय घातलं होतं. भावाचं नाव सांग, नाहीतर बायकोला पिंजऱ्यात उभी करतो. काका फितूर नव्हते, कात्रीत सापडले होते. दोघे भाऊ दोन टोकांनी एकाच बाईला वाचवत होते. आणि बाई काही वाचवून घ्यायला तयार नव्हती! काकांची साक्ष संपली तशी बघ्यांमधून उठली आणि न्यायाधीशाला म्हणाली, ‘दिवा मी धरला होता. आता मला धरा.’”

वहिनी मांडीवरचं ताट सावरत पुढे सरकली.

“मग?” वहिनीने विचारलं.

“मग काय. साक्षीदारांत नाव नाही म्हणून तिला बाहेर काढली. एक अक्षर लिहून घेतलं नाही. न्यायाधीश घाम पुसत राहिला.”

“आणि इतकी वर्षं ही गोष्ट तू आम्हाला सांगितली नाहीस?” वकिलाचं अहो-जाहो संपलं होतं.

“सांगितली की. आईला सांगितली, तिने थोबाडीत दिली. नवरा तुरुंगात गेलेल्या बाईला समोरच्या घराचा राग धरूनच जगायचं होतं. बाबा सुटून आले ते खोकला घेऊनच आले. घरात भांडण नको म्हणून गप्प राहिले, आणि वर्षभरात गेले. तुझ्या बापाला सांगितलं, तो म्हणाला, लहान होतीस, स्वप्न पडलं असेल. या घरात गोष्ट सांगायचा मक्ता पुरुषांचा. ती पिक्चर काढणारी बाई माहिती गोळा करायला आली, तिने विचारलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. तू तेव्हा तिच्या माणसांना आजोबांच्या फोटोची चौकट दाखवत होतास.”

वकील खिडकीपाशी गेला. कोर्टात तो भले काळा कोट घालत असेल, पण बारा वर्षांचा होईपर्यंत त्यानेही खाली दुकानात वडिलांच्या हाताखाली काम केलं होतं. अक्काने पाहिलं, त्याचे हात आपसूक वर उठले. डावा हात कुलपाची कडी खाली ताणून धरल्यासारखा, उजवा हात बारीक सळई फिरवल्यासारखा. त्या जुन्या कुलपाला दोन्ही हात लागत, कडी सोडली की सळई निसटे. तो तसाच थांबला. रिकाम्या हवेत त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

“अक्का,” तो पाठमोराच म्हणाला, “त्या रात्री चांदणं होतं का गं?”

“काळोख होता असं आजोबाच सांगायचे म्हणे.”

“मग दिवा...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. हात खाली सोडले आणि येऊन खुर्चीत बसला. बराच वेळ टकलावरून हात फिरवत राहिला. “तीस वर्षं वकिली केली,” तो शेवटी म्हणाला, “आणि हा एक प्रश्न मला कधी पडला नाही. उलटतपासणी संपली. माझे अशील खोटं बोलले.”

“म्हणून लहान झाले का?” अक्काने विचारलं.

वकिलाने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्यातच एक नवी चमक होती.

“लहान? अगं, कुलूप काय कोणीही उघडेल! पण शपथेवर खोटं बोलून दुसऱ्याच्या वाट्याची सजा स्वतः भोगायची? हे तर मी आजपर्यंत कोणाला सांगितलंच नाही!” तो पुन्हा उठून उभा राहिला. एखादा खटला हरल्यावर लगेच दुसऱ्या बाजूचं वकीलपत्र घ्यावं तसा तो पेटला होता. “आणि ती बाई! साक्षीदारांत नाव नसताना उठून उभी राहते! नकटे, बघ हं, ते वाक्य हळू म्हणू नकोस.”

“म्हणजे मी करू काम?”

“करू? आता नाही म्हणालीस तर कोर्टात खेचीन!”

वहिनीने बिस्किटांचं ताट खाली ठेवलं आणि लेकीला मिठी मारली. नकटी कालपासून पहिल्यांदा मोकळेपणी हसली, पण लगेच आईला बाजूला सारून म्हणाली, “मला समोर जायचंय. त्यांच्या आजीचं काम त्यांना न विचारता कसं करू?”

समोर जाणं म्हणजे आठ पावलांचा रस्ता, पण तीन पिढ्यांत तो कोणी ओलांडला नव्हता.

“मी येतो,” वकील म्हणाला.

“तू नको,” अक्का म्हणाली. “तू भाषण करशील. मी जाते हिच्याबरोबर.”

अक्का जिना उतरू लागली. शाळेपासून ज्याच्याशी बोललो नाही त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं? रस्ता ओलांडेपर्यंत तिने तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही टाकून दिली. दार वाजवायची वेळच आली नाही. दार उघडंच होतं, आणि उंबऱ्यात नाना उभा होता. मागे त्याच्या घरातला टीव्ही सुरू होता.

“पाहिलं,” तो म्हणाला. त्याने एकदा मागे वळून टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाला, “आमच्या घरात ही गोष्ट जेवताना सांगायचे. बाहेर सांगितली की लोक हसायचे. मी सांगायचं सोडून दिलं होतं.”

“नाना,” नकटी म्हणाली, “तुमच्या आजीचं काम मी केलं तर चालेल?”

नानाने तिच्याकडे पाहिलं, मग अक्काकडे. “तुझा भाऊ काय म्हणतो, अक्का?”

त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकून अक्काला उत्तर सुचेपर्यंत वरच्या खिडकीतून आवाज आला, “भाऊ म्हणतो, हो म्हणा! आणि आत्याबाई खाली उतरतायत, जरा हात द्या कोणीतरी!”

आत्याबाई खरोखरच उतरत होत्या. एका बाजूने वहिनी, दुसऱ्या बाजूने धापा टाकत वकील. गल्लीतून येणारी स्कूटर थांबली, तिच्यामागे भाजीची गाडी थांबली. म्हातारी कोणाचीही पर्वा न करता रस्त्याच्या मधोमध चालत आली आणि नानासमोर उभी राहिली. तिने त्याचा चेहरा निरखून पाहिला.

“तुझा बाप माझ्या मांडीत होता रे त्या रात्री,” ती म्हणाली. “फार गुणी बाळ. पोट रिकामं, थंडी एवढी, पण हूं की चूं केलं नाही. तो रडला असता तर कुलूप उघडायच्या आतच सगळे सापडलो असतो. हे त्याला सांगायचं राहिलं. तुला सांगते.”

नानाचा साठीचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. तो खाली वाकला आणि आत्याबाईंचे दोन्ही हात त्याने आपल्या डोळ्यांवर दाबून धरले. अक्काने दुसरीकडे पाहिलं, कारण तिच्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं. खिडक्याखिडक्यांतून लोक डोकावत होते. गल्लीला टीव्हीवरचं आधीच कळलं होतं, उरलेलं आता कळत होतं.

थोड्या वेळाने नानाने नाक पुसलं आणि नकटीला विचारलं, “कशी म्हणणार आहेस?”

“तुम्ही सांगा. तुमच्या घरात कसं म्हणायचे?”

“आजी म्हातारपणी म्हणून दाखवायची. ओरडायची नाही. पण मागच्या बाकावरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. आधी सगळ्यांकडे एकदा बघायची.”

नकटी रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. कधी मोलकरीण, कधी शेजारीण झालेली ती पोरगी अक्काच्या डोळ्यांदेखत थोडी उंच झाली. तिने दोन्हीकडच्या दुकानांवरून, खिडक्यांवरून, थांबलेल्या स्कूटरवाल्यावरून नजर फिरवली. गल्ली आपोआप शांत झाली.

“दिवा मी धरला होता,” ती म्हणाली. “आता मला धरा.”

आधी नानाच्या बायकोने टाळी वाजवली. मग वहिनीने, मग भाजीवाल्याने, आणि मग वरपासून खालपर्यंत सगळ्या गल्लीने. स्कूटरवाल्याला काय चाललंय ते माहीत नव्हतं, तरी त्याने हॉर्न वाजवून घेतला. वकील तर दोन्ही हात वर करून अशा टाळ्या पिटत होता की जणू निकाल आत्ताच लागला आणि तोच जिंकला.

त्या गोंधळाने नानाच्या घरातलं तान्हं बाळ जागं झालं. नानाची सून नातवाला खांद्यावर टाकून बाहेर आली. बाळाने एवढ्या माणसांकडे डोळे विस्फारून पाहिलं, पण रडलं नाही.

“घराण्याचं वळण आहे,” आत्याबाई समाधानाने म्हणाल्या.

“पिक्चरमध्ये माझ्या बापाचं काम कोण करतंय?” नानाने नकटीला विचारलं.

“बाळ अजून ठरायचंय.”

“ठरलं!” वकील गर्दीतून वाट काढत पुढे आला. “हेच बाळ. उद्या सकाळी मी त्या बाईंशी बोलतो. करारमदार सगळं माझ्याकडे सोडा.”

नानाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “आणि तुमची फी?”

“काहीतरीच काय!” वकील उसळून म्हणाला. “घरच्या माणसांकडून फी घेतात का?”

बोलून गेला, आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. तो बाळाला टिचक्या वाजवून दाखवण्यात दंग होता. अक्काच्या मात्र लक्षात आलं. तिने नानाकडे पाहिलं, तर तोही तिच्याचकडे पाहत होता.

“आत या सगळे,” नाना दारातून बाजूला होत म्हणाला. “रस्ता अडलाय.”